अपंगत्व अभ्यासात पीएचडी करायची आहे. सोलापुरात विषय कुठे सापडेल?

प्रश्न विचारणारा तरुण समाजशास्त्रात एमए झाला आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांची सगळी उमर यंत्रमागावर गेली. त्याला अपंगत्व अभ्यासात, म्हणजे डिसेबिलिटी स्टडीजमध्ये, पीएचडी करायची आहे. हे विशेष शिक्षणाच्या बीएडसारखंच काही असतं का, सोलापुरात या नावाचा विभाग दिसत नाही तर नोंदणी कुठे करायची, स्वतः अपंग नसताना हा विषय घ्यावा का, आणि पुढे नोकरीचं काय, अशा त्याच्या शंका आहेत. विषय मात्र त्यानं ठरवूनच ठेवलाय: 'सोलापूर शहरातील दिव्यांग व्यक्तींच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास'.

मी समाजकार्य शिकवते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून एका पायात आधाराचं कॅलिपर आहे. या विषयावरच्या सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचे संशोधन-आराखडे, वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी शीर्षकाबद्दलच बोलते. हे शीर्षक बदला. शहराचं नाव खोडून लातूर, सांगली, जालना काहीही घातलं तरी हा प्रबंध तसाच्या तसा उभा राहतो. शंभर-दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, वय-शिक्षण-उत्पन्नाची कोष्टकं काढायची, 'बहुतांश उत्तरदात्यांना आर्थिक अडचणी भेडसावतात' असा निष्कर्ष लिहायचा आणि शेवटी 'शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे' ही शिफारस जोडायची. असे प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडले आहेत, त्यात आणखी एकाची भर कशाला? शिवाय या शीर्षकात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, ती म्हणजे समस्या त्या माणसांजवळ आहे. अपंगत्व अभ्यास ही विद्याशाखा मुळात या गृहीतकाशी भांडणातूनच जन्मली.

ते भांडण कसं सुरू झालं, हे माहीत असायला हवं. 1972 साली इंग्लंडमध्ये पॉल हंट नावाच्या माणसानं 'गार्डियन' वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा आणि तरुणपणीची काही वर्षं अपंगांच्या निवासी संस्थेत राहिला होता. संस्थांत डांबून ठेवण्याविरुद्ध अपंगांनी एकत्र यावं, असं त्याचं म्हणणं. त्यातून जी संघटना उभी राहिली तिनं 1976 मध्ये आपली मूलतत्त्वं मांडली: शरीरातली उणीव ही एक गोष्ट, आणि ती असलेल्या माणसाला समाज ज्या रीतीनं बाहेर ठेवतो ते अपंगत्व ही दुसरी गोष्ट. त्या संघटनेत व्हिक फिंकेलस्टाइन होता. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल त्यानं तुरुंग भोगला होता. त्यामुळे एका वर्णाच्या माणसांना दारातून आत न घेणं आणि पायऱ्यांमुळे एखाद्याला आत जाता न येणं, यांतलं नातं त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढे 1983 मध्ये ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला 'सामाजिक प्रतिमान' (सोशल मॉडेल) हे नाव दिलं. तिकडे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग झोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 पासून अभ्यासकांची संघटना बांधायला घेतली. म्हणजे ही शाखा आधी रस्त्यावर आणि मग विद्यापीठात आली. आपल्याकडे दलित अभ्यास आणि स्त्री अभ्यास ज्या वाटेनं आले, तीच ही वाट.

यातूनच बीएडच्या शंकेचं उत्तर मिळतं. विशेष शिक्षण, फिजिओथेरपी, श्रवणविज्ञान, कृत्रिम अवयव बनवणं हे सगळे व्यवसाय आहेत. त्यांतल्या बहुतेकांना 1992 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यांचं काम माणसाच्या उपयोगी पडणं. ते कमी प्रतीचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझं कॅलिपर बनवणाऱ्याशी माझं नातं सख्ख्या भावासारखं आहे. अपंगत्व अभ्यास वेगळं विचारतो: 'सामान्य' शरीर ठरवलं कुणी, कधी, आणि त्यात कुणाचा फायदा झाला? मूल बोलत का नाही हे वाचातज्ज्ञ बघतो. त्या मुलाच्या शाळेत हातवारे करून बोलण्यावर बंदी का आली, हे आपण बघतो.

आता तुमच्या गावाकडे वळू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंग व्यक्तीची व्याख्या वाचून बघा. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, आणि अडथळ्यांशी गाठ पडल्यावर जिचा समाजातला पूर्ण सहभाग खुंटतो, अशी ती व्यक्ती. अडथळे हा शब्द थेट व्याख्येत आहे. 2006 चा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं 2007 मध्ये मंजूर केला, त्याचा हा परिणाम. पण आरक्षण आणि बऱ्याचशा योजना मिळवायच्या तर त्याच कायद्यात किमान 40 टक्के अपंगत्वाची अट आहे, आणि टक्का मोजताना अडथळे कुणीच मोजत नाही. सांधा किती वळतो, डोळ्याला किती दिसतं, बुद्ध्यांक किती, एवढंच कागदावर येतं. कायदा एक बोलतो आणि प्रमाणपत्र दुसरंच मोजतं. या फटीत किमान दोन-तीन प्रबंध दडलेले आहेत.

ती फट सोलापुरात कशी दिसते ते सांगते. एका सरकारी दवाखान्यात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ बसतं त्या दिवशी, मी एका ओळखीच्या बाईंबरोबर गेले होते. अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. चाचणी घेणाऱ्यानं मराठीत विचारलं, "आठवड्याचे वार सांग." मुलगा आईकडे बघत राहिला. आईनं कन्नडमधून विचारलं तसं त्यानं सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नीट म्हटलं, पुढे अडखळला. तपासनीस म्हणाले, "आई, तुम्ही मध्ये बोलू नका." नियमानं ते बरोबरच होते, चाचणीत आईनं सुचवलेलं चालत नाही. पण त्या कागदावर उतरलेल्या आकड्यात मुलाची समज किती आणि मराठी न येणं किती, हे वेगळं कसं काढणार? मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा गल्लीगणिक बदलणाऱ्या शहरात बौद्धिक अपंगत्वाचं मोजमाप कुठल्या भाषेत होतं, हा प्रश्न पुण्याच्या संशोधकाला सहजी सुचणार नाही. तुम्हाला सुचायला हवा. तुम्हाला तेलुगू येतं, ही तुमची खरी पात्रता आहे. एमएचे टक्के त्याच्या खालोखाल.

वडिलांच्या धंद्यात तर याहून मोठा विषय बसलाय. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज बहुतेक वेळा 90 डेसिबलच्या वर असतो. धोटा आदळण्याचा तो कडकड आवाज दिवसाचे दहा-बारा तास, वर्षानुवर्षं. अशा आवाजानं कान एकदम जात नाही. आधी सुमारे 4000 हर्ट्झच्या आसपासची ऐकण्याची ताकद जाते. श्रवणालेखात तिथे खड्डा पडलेला दिसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून आवाज आलेला कळतो. पण 'स', 'श', 'फ' अशी वरच्या पट्टीतली व्यंजनं गळून पडतात. मग दुकानदारानं 'साठ' म्हटलं की माणसाला 'आठ' ऐकू येतं. घरचे म्हणतात, यांना हवं तेवढंच ऐकू येतं. सुना चिडतात, नातवंडं हसतात, म्हातारा लग्नकार्यात कोपरा धरून बसतो.

हा माणूस अपंग आहे का? 2016 चा कायदा म्हणतो, दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत 60 डेसिबल तरी ऱ्हास हवा. तो आकडा यांच्यापैकी अनेकांना लागू होत नाही. दुसरीकडे कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात आवाजामुळे आलेला श्रवणदोष व्यावसायिक आजार म्हणून नोंदवलेला आहे. म्हणजे एका कायद्याच्या नजरेत तो आजारी कामगार ठरू शकतो आणि दुसऱ्याच्या नजरेत धडधाकट असतो. आणि प्रत्यक्षात? चार-सहा मागांच्या शेडमध्ये हजेरीपट कुणाचा, मालक कोण, आवाज मोजायला येणार कोण? भरपाई मागायची तर आधी आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करावं लागतं. बाप ऐकत नाही ही तक्रार घरात, दर मीटरमागे मजुरीचा हिशेब शेडमध्ये आणि टक्क्याची अट दवाखान्यात. या तिन्ही ठिकाणी एकाच कानाचे तीन अर्थ लागतात. ते अर्थ कसे तयार होतात हे शोधा. शीर्षक हवंच असेल तर 'सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांतील श्रवणऱ्हास: काम, कुटुंब आणि प्रमाणपत्र' असं काहीतरी लिहा, गाइड त्याची भाषा आणखी जड करतीलच.

जाता जाता एक बघून ठेवा. शेडमधले लोक एकमेकांशी कसे बोलतात? ओठ वाचतात, बोटांनी धागा तुटल्याची खूण करतात, कांडी संपली की हात फिरवतात. ज्या जागेत कुणालाच नीट ऐकू येत नाही, तिथे बहिरेपणा आडवा येत नाही. तो शेडच्या बाहेर पडल्यावर सुरू होतो. फिंकेलस्टाइननं अशीच एक कल्पना लढवली होती: व्हीलचेअरवाल्यांचं गाव, जिथे छत आणि दारं त्यांच्या उंचीची, म्हणून चालणाऱ्यांची डोकी आपटतात. त्याला ती कल्पना करावी लागली. तुमच्याकडे अशोक चौकापासून पुढे गल्लीगल्लीत तसं काहीतरी रोज चालू आहे.

बिड्या वळणाऱ्या बायकांचंही असंच. मजुरी हजार बिड्यांवर असते, आणि बारीक-जाड झालेला माल बाजूला काढला जातो. बोटं आखडली, मान धरली, नजर अधू झाली की वेग उतरतो. कागदोपत्री ती बाई अपंग नसते, पण तिची कमाई अपंग झालेली असते. मग सून किंवा शाळेतली मुलगी सूप मांडीवर घेऊन तिचा आकडा पुरा करते. यावर स्त्री अभ्यासाच्या अंगानं काम करणारं कुणी भेटलं तर त्यांच्याशी हातमिळवणी करा. एकट्यानं दोन्ही विषय पेलणार नाहीत.

आकड्यांबद्दल सावध राहा. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग, म्हणजे 2.21 टक्के. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही 2.2 टक्के. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगातल्या सुमारे 16 टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे असं म्हणते. आपण सात पटींनी सुदृढ आहोत असं कुणी समजू नये. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. 'घरात कुणी अपंग आहे का?' असं विचारलं की लोक लग्नाळू मुलीचं नाव लपवतात, म्हाताऱ्यांना तर मोजतच नाहीत; 'वयच झालंय त्यांचं' म्हणून सोडून देतात. अपंगत्व कसं मोजावं यावर काम करणाऱ्या 'वॉशिंग्टन गट' या आंतरराष्ट्रीय गटाची सहा प्रश्नांची छोटी यादी आहे. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला, आठवायला, स्वतःचं आवरायला, असं ती विचारते, आणि उत्तरं हो-नाहीत न घेता चार पायऱ्यांत घेते. आपल्या गल्लीत एकदा दोन्ही प्रकारे विचारून बघा, फरक तुम्हाला लगेच दिसेल. ही यादी मराठी-तेलुगूत नीट उतरवणं हेच एक काम आहे.

कायद्याकडे ओढा असेल तर परीक्षेचा विषय घ्या. लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ हे नियम कागदावर आहेत. 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लेखनिक द्यायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारानं केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध हा लढा दिला होता. त्यानंतर 2022 मध्ये केंद्रानं 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या परीक्षा विभागापर्यंत त्यातलं काय पोचलं, हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. कुर्डुवाडी, सांगोला, मंगळवेढा, कुठेही जा.

आणि ज्यांना कोष्टकांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी माझ्या आवडीचा विषय. माढा तालुक्यात लऊळ गाव आहे. परंपरा सांगते की पैठणचा कूर्मदास, हातपाय नसलेला, वारीसाठी सरपटत पंढरपूरला निघाला. लऊळपर्यंत आला आणि एकादशीला पोचणं होणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला. शेजारच्या जिल्ह्यात तेरचे गोरोबाकाका. त्यांच्या कथेत गेलेले हात कीर्तनात टाळी वाजवताना परत फुटतात. एका गोष्टीत शरीर दुरुस्त होतं, तेव्हा सगळं ठीक होतं. दुसरीत शरीर आहे तसंच राहतं आणि देव जागा सोडून उठतो. मी ऐकलेल्या कीर्तनांत कूर्मदासाला हातपाय फुटल्याचं कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे अपंगत्वाकडे पूर्वजन्मीचं पाप म्हणूनच बघतात, असं इंग्रजी लेखांत एका वाक्यात उरकलेलं असतं. पापाची कल्पना आहेच, नाकारत नाही. रिक्षात बसताना मला अजून कुणीतरी ती ऐकवतं. पण तेवढीच नाही. वारीच्या वाटेवर बसून दोन्ही कथा आज कोण कशी सांगतं, अपंग वारकरी त्यांतली कुठली सांगतात, यावर मराठीच्या विभागातून उत्तम प्रबंध होईल.

सामाजिक प्रतिमानाचा एक धोका मात्र ओळखून असा. नवीन मुलं ते वाचतात आणि इतकी भारावतात की शरीर विसरतात. सोलापूरचा मे महिना, पारा 43-44 वर. कॅलिपरचा पट्टा मांडीला घासून कातडी सोलपटते, त्यात घाम उतरतो. कितीही रॅम्प बांधा, ती आग थांबत नाही. जेनी मॉरिस, लिझ क्रो यांच्यासारख्या अपंग स्त्रियांनीच हा आक्षेप घेतला: आमच्या वेदनेला तुमच्या सिद्धांतात जागा कुठे? समाजशास्त्रज्ञ टॉम शेक्सपिअर यांनी पुढे त्यावर बरंच लिहिलं. शिवाय इंग्लंडातला सिद्धांत पेन्शन आणि सरकारी घरं गृहीत धरून मांडला गेलाय. जिथे पोलिओची लस वेळेत पोचली नाही, जिथे यंत्रात बोटं गेली, तिथे उणीवसुद्धा समाजानंच घडवलेली असते. भारतीय अभ्यासकांनी, अनिता घई यांच्यासारख्यांनी, जात, लिंग आणि गरिबी बाजूला ठेवून अपंगत्व समजत नाही हे ठासून मांडलं. ते वाचल्याशिवाय सिनॉप्सिस लिहायला बसू नका.

विभागाची काळजी करू नका. जगभर ही शाखा दुसऱ्यांच्या घरातच वाढली: समाजशास्त्र, इंग्रजी, कायदा, इतिहास. आपल्याकडे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं समाजकार्याच्या अंगानं आणि हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठानं कायद्याच्या अंगानं या विषयाची केंद्रं चालवली. दिल्लीत जेएनयू आणि आंबेडकर विद्यापीठातल्या समाजशास्त्र, स्त्री अभ्यासाच्या लोकांनी काम केलं. तुम्ही पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात समाजशास्त्रातच नोंदणी करा. 2004 साली हे विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं निघालं म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. तुमच्या कामाला तेच सोयीचं आहे. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) किंवा नेट जे असेल ते द्या. गाइड निवडताना त्यांना अपंगत्वाचं किती माहीत आहे हे पाहू नका, शंभर प्रश्नावल्यांशिवाय संशोधन होतं हे त्यांना मान्य आहे का तेवढं विचारा. तिथे अडलं तर पुढे सगळंच अडतं.

नोकरीचं गोड चित्र रंगवत नाही. या नावाच्या जागा देशात बोटांवर मोजण्याइतक्या. तुमची नेमणूक झाली तर ती समाजशास्त्रात किंवा समाजकार्यात होईल, आणि प्राध्यापक भरतीचं आपल्याकडचं गाडं कसं चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. बाहेर मात्र मागणी वाढते आहे. उच्च शिक्षणात 5 टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आलं, विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. हे सगळं तपासायला, प्रशिक्षण द्यायला माणसं लागतात, आणि सध्या ते काम विषय न शिकलेले लोक करतात.

राहिला प्रश्न स्वतः अपंग नसण्याचा. बेलाशक करा. आमच्या चळवळीची घोषणा 'आमच्याविषयी, पण आमच्याशिवाय नाही' अशी आहे. अपंग नसलेल्यानं काम करूच नये, असं त्यात कुठे म्हटलंय? पण मग 'आमच्यासह' हे कागदावर दिसलं पाहिजे. कमी ऐकू येणाऱ्या दोन जुन्या कामगारांना सल्लागार म्हणून घ्या, प्रश्न त्यांच्यासमोर तयार करा, आणि वेळ घेताय तर मानधन द्या. शिफ्ट बुडवून कुणी चहावर बोलत नाही. मुलाखत शेडमध्ये किंवा पंख्याखाली घेऊ नका. समोर, उजेडात बसा, म्हणजे ओठ दिसतील. फोटो काढण्याआधी विचारा, आणि काठी किंवा श्रवणयंत्राचा जवळून फोटो तर काढूच नका. त्यानं प्रबंध भावूक होतो, चांगला होत नाही. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या लोकांशी बोलणार असाल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल. घरच्या माणसाला दुभाषी करू नका, तो स्वतःचीच उत्तरं सांगतो. दुभाष्याचा खर्च, भाषांतराचा खर्च आणि सल्लागारांचं मानधन हे तिन्ही आकडे सिनॉप्सिसच्या अंदाजपत्रकातच घाला. नोंदणी झाल्यावर मागितलेले पैसे मिळत नाहीत, आणि मग मुलं नाइलाजानं परत प्रश्नावलीकडे वळतात.